फाइलीचा धनी कोण? सर्व्हरवरच्या छोट्या अवजारांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच आहे. अवजार छोटं, अनेकदा एकाच फाइलीचं. बसवायला दोन मिनिटं लागतात, आणि मग महिनाभराने ‘कमांड नॉट फाउंड’ किंवा ‘काल चालत होतं, आज चालत नाही’ सुरू होतं. ती फाइल पॅकेज मॅनेजरने (म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या, प्रोग्राम बसवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या अवजाराने) ठेवली की आपण हाताने, आणि ती पुढे सांभाळायची कोणी, हे बसवतानाच ठरवलेलं नसतं.

छपाईबद्दल एक सूचना: कमांड आणि पाथ उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. सर्व्हरवर ते रोमन अक्षरांत टाइप करायचे. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे, बाकी सगळं लहान.

प्रश्न: आमच्या सर्व्हरवर डेबियन १२ आहे आणि त्यातलं जेक्यू (जेसन फाइली वाचणारं, चाळणारं छोटं अवजार) १.६ आवृत्तीचं आहे. जेसन फाइलींतले लांबलचक आयडी त्यातून बाहेर पडताना शेवटचा अंक बदलतो. नवी आवृत्ती प्रकल्पाच्या पानावरून उतरवून घ्यावी, की पॅकेजमधलीच वापरत राहावं?

आधी अंक का बदलतो ते पाहू. जेक्यू १.६ प्रत्येक संख्या ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट या दशांश संख्यांच्या साच्यात ठेवतं. २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. त्यापुढचा प्रत्येक पूर्णांक या साच्यात नेमका बसेलच असं नाही. ९००७१९९२५४७४०९९३ आत घाला, बाहेर ९००७१९९२५४७४०९९२ येतो. इशारा नाही, एरर कोड नाही, आणि घातक आहे ते हेच. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १.७ पासून, संख्येवर काही गणित केलं नसेल तर ती आली तशीच छापली जाते. पण त्या संख्येत नुसतं शून्य मिळवलंत तरी गाडी पुन्हा फ्लोटिंग पॉइंटवर येते.

म्हणून पहिला सल्ला अवजाराबद्दलचा नाही. जेसन तयार करणारी बाजू तुमच्या हातात असेल तर आयडी अवतरणचिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग म्हणून पाठवा. मग १.६ सुद्धा पुरतं, आणि तोच आयडी पुढे जावास्क्रिप्टमध्ये गेला तरी शाबूत राहतो. ते शक्य नसेल तर नव्या आवृत्तीसाठी तुमच्याकडे खरंखुरं कारण आहे. ‘आकडा जुना दिसतो’ हे कारण नव्हे. डेबियन सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीतच आणून बसवतं, त्यामुळे १.६ दिसलं म्हणजे भोकं उघडीच आहेत असा अर्थ होत नाही. पॅकेज घेतलंत की हा व्याप डेबियनचा. बायनरी, म्हणजे थेट चालणारी तयार फाइल, उतरवलीत की तुमचा.

उतरवायचंच ठरलं तर क्रम असा ठेवा. ‘यूनेम -एम’ चालवा. ‘एक्स८६_६४’ आलं तर ‘जेक्यू-लिनक्स-एएमडी६४’ ही फाइल घ्यायची, ‘एआर्च६४’ आलं तर ‘जेक्यू-लिनक्स-एआरएम६४’. सोबतची चेकसमची (फाइलीच्या मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याची) फाइलही त्याच फोल्डरमध्ये उतरवा. बायनरीचं नाव आत्ताच बदलू नका, कारण चेकसमच्या यादीत मूळ नाव असतं. नंतर ‘एसएचए२५६सम -सी --इग्नोर-मिसिंग’ आणि पुढे यादीच्या फाइलीचं नाव. ‘इग्नोर-मिसिंग’ घातलं नाही तर मॅक आणि विंडोजच्या न उतरवलेल्या फाइलींबद्दलही तक्रारी येतात आणि खरी ओळ त्यांत हरवते. तुमच्या फाइलीपुढे ‘ओके’ दिसलं पाहिजे.

हा चेकसम काय सांगतो तेही ओळखून असा. तो बायनरीच्याच पानावरून घेतला असेल तर उतरवताना फाइल बिघडली नाही एवढंच कळतं. पान ज्याने ताब्यात घेतलं तो चेकसमही बदलू शकतो. प्रकल्प सही देत असेल तर तीही तपासा.

आता बसवणं (‘सुडो’ म्हणजे पुढची कमांड रूटच्या, यंत्रावरच्या सर्वाधिकारी खात्याच्या, हक्काने चालवणं):

‘सुडो इन्स्टॉल -डी -एम ०७५५ जेक्यू-लिनक्स-एएमडी६४ /ऑप्ट/जेक्यू/१.७.१/जेक्यू’ (इथला डी मोठा)

‘सुडो एलएन -एसएफएन /ऑप्ट/जेक्यू/१.७.१/जेक्यू /यूएसआर/लोकल/बिन/जेक्यू’

आवृत्तीचा आकडा इथे नमुन्यादाखल आहे, तुम्ही त्या वेळची ताजी स्थिर आवृत्ती घ्या. फोल्डरच्या नावात आकडा ठेवला की मागे फिरणं एका ओळीचं काम होतं: दुसऱ्या कमांडने केलेला दुवा जुन्या फोल्डरकडे वळवायचा. फाइल थेट ‘/यूएसआर/बिन’ मध्ये मात्र कधीच टाकू नका. ती जागा पॅकेज मॅनेजरची आहे. जेक्यूचं पुढचं पॅकेज येईल तेव्हा तो तुमची फाइल न विचारता पुसून आपली ठेवेल, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल.

शेवटी ‘हॅश -आर’ आणि मग ‘टाइप -ए जेक्यू’. बॅश एकदा सापडलेल्या कमांडचा पाथ लक्षात ठेवतं, त्यामुळे नवी फाइल बसवूनही त्याच सत्रात जुनीच चालत राहते. ‘हॅश -आर’ ती आठवण पुसतं. ‘टाइप -ए’ सगळ्या प्रती क्रमाने दाखवतं आणि त्यांतली पहिली चालते. ‘विच’ वर विसंबू नका, त्याला शेलमधले एलियस आणि फंक्शन दिसतीलच असं नाही.

पॅकेजमधलं जुनं जेक्यू काढून टाकायची गरज नाही. दोन्ही सुखाने नांदतात. फक्त पुढचा प्रश्न वाचा.

प्रश्न: टर्मिनलमध्ये जेक्यूची नवी आवृत्ती दिसते, पण रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेतून) चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आयडी अजूनही बिघडतात. स्क्रिप्ट तीच, वापरकर्ताही तोच.

पाथ, म्हणजे कमांड ज्या फोल्डरांत क्रमाने शोधली जाते ती यादी, तोच नाही. लॉगिन केल्यावर तुमच्या पाथमध्ये ‘/यूएसआर/लोकल/बिन’ आधी येतं आणि ‘/यूएसआर/बिन’ नंतर. क्रॉन तुमची ‘.प्रोफाइल’ किंवा ‘.बॅशआरसी’ वाचत नाही. वापरकर्त्याच्या क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत) पाथ सहसा ‘/यूएसआर/बिन:/बिन’ एवढाच असतो. त्याला पॅकेजमधलं जुनं जेक्यू सापडतं आणि तो निमूटपणे ते चालवतो. जुनं नसतंच, तर निदान ‘नॉट फाउंड’ तरी आलं असतं!

खात्री करायची असेल तर क्रॉनटॅबमध्ये दर मिनिटाची एक तात्पुरती ओळ घाला, जी ‘ईएनव्ही’ चं उत्तर घरच्या फोल्डरमधल्या फाइलीत लिहील. एक मिनिट थांबा, फाइल वाचा, ओळ काढून टाका.

उपाय दोन. स्क्रिप्टमध्ये पूर्ण पाथ लिहा, ‘/यूएसआर/लोकल/बिन/जेक्यू’. हा उपाय कंटाळवाणा आहे, पण सर्वांत भरवशाचा. किंवा क्रॉनटॅबच्या वरच्या बाजूला पाथची ओळ द्या: ‘पाथ=/यूएसआर/लोकल/बिन:/यूएसआर/बिन:/बिन’, त्यात ‘पाथ’ हा शब्द मोठ्या अक्षरांत. इथे बरेच जण ठेच खातात. ‘पाथ=$पाथ:/यूएसआर/लोकल/बिन’ असं लिहिलं तर क्रॉन डॉलरचा अर्थ लावत नाही, ती अक्षरं जशीच्या तशी ठेवतो, आणि होता तो पाथही हातचा जातो.

क्रॉनमध्ये आहातच तर आणखी काही खाचखळगे. कमांडमध्ये ‘%’ आलं की क्रॉन तिथे ओळ तोडतो, त्यामुळे ‘डेट +%एफ’ (मोठा एफ) लिहिताना टक्क्याच्या चिन्हाआधी बॅकस्लॅश हवा. ‘/ईटीसी/क्रॉन.डी’ मधल्या फाइलीत वेळेनंतर वापरकर्त्याचं नाव लागतं, स्वतःच्या क्रॉनटॅबमध्ये लागत नाही. डेबियन आणि उबुंटूवर त्या फोल्डरमधल्या फाइलीच्या नावात टिंब असेल तर ती फाइल मुकाट वगळली जाते. म्हणजे ‘बॅकअप.एसएच’ नाव दिलंत की काम कधीच चालणार नाही आणि का ते कोणी सांगणारही नाही. फाइलीच्या शेवटच्या ओळीनंतर एन्टर हवाच.

हीच गंमत सुडोमध्येही होते. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ आणि ९ वर सुडोच्या स्वतःच्या पाथमध्ये, म्हणजे ‘सिक्युअर_पाथ’ मध्ये, मुळात ‘/यूएसआर/लोकल/बिन’ नसतं. त्यामुळे कमांड साधी चालते आणि सुडो लावला की ‘कमांड नॉट फाउंड’. तिथेही पूर्ण पाथ द्यायचा. सगळ्या यंत्रासाठीचा ‘सिक्युअर_पाथ’ एका अवजारापायी बदलू नये.

प्रश्न: गिटहबवरून टार फाइल (फाइलींचा एकत्र बांधलेला गठ्ठा) कर्ल या उतरवण्याच्या कमांडने उतरवली. उघडताना ‘नॉट इन जीझिप फॉरमॅट’ येतं. तीनदा उतरवून पाहिली.

तिसाव्यांदाही तेच येईल. कर्लला ‘-मोठा एल’ दिलेला नाही, त्यामुळे तो दुसऱ्या पत्त्याकडे वळत नाही. गिटहबवरची रिलीजची फाइल तर नेहमी दुसऱ्या पत्त्यावरूनच येते. ‘एलएस -एल’ ने आकार बघा, शून्य किंवा नगण्य असेल. ‘फाइल’ कमांडने फाइलीचा प्रकार बघा. ‘एचटीएमएल डॉक्युमेंट’ असं उत्तर आलं तर तुम्ही एखादं वेबपानच उतरवलं आहे. ‘कर्ल -एफएसएसएल -ओ’ वापरा: एफ लहान, पहिला एस लहान, दुसरा मोठा, एल मोठा आणि ओ मोठा. लहान एफ असला की ४०४ आल्यावर कर्ल चुकीचं पान साठवत नाही, चूक सांगून थांबतो. स्क्रिप्टमध्ये तो हवाच.

प्रश्न: फाइल समोर दिसते आहे, चालवायची परवानगीही आहे, तरी ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असं उत्तर येतं. शेल खोटं बोलतं का?

शेल खरंच बोलतं, पण अर्धंच. जी सापडत नाही ती तुमची फाइल नव्हे, ती चालवायला लागणारी दुसरी फाइल. ‘फाइल’ कमांड चालवली तर बायनरीच्या वर्णनात ‘इंटरप्रिटर’ म्हणून एका लोडरचा पाथ दिसेल. तो यंत्रावर नसला की हाच संदेश येतो. नेहमीचं उदाहरण म्हणजे जीलिबसीवर (बहुतेक लिनक्समधल्या पायाभूत सी लायब्ररीवर) बांधलेली बायनरी अल्पाइन या छोट्या लिनक्सवर नेणं. अल्पाइनमध्ये जीलिबसी नसतं, त्याजागी मसल ही दुसरी लायब्ररी असते. प्रकल्पाच्या पानावर नावात ‘मसल’ असलेली किंवा स्टॅटिक (लागणाऱ्या लायब्ररी पोटातच असलेली) फाइल असेल तर ती घ्या.

फाइल बायनरी नसून स्क्रिप्ट असेल तर पहिली ओळ तपासा. विंडोजवर लिहिलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी एक जादा न दिसणारं अक्षर असतं, आणि मग ‘/बिन/बॅश’ ऐवजी ‘/बिन/बॅश + ते अक्षर’ शोधलं जातं. ‘कॅट -ए’ (मोठा ए) ने पाहिलं तर ओळीच्या टोकाला ‘^एम’ दिसेल. ‘डॉस२युनिक्स’ किंवा ‘सेड’ ने ते काढून टाका.

या संदेशाची भावंडंही ओळखून ठेवावीत. ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ म्हणजे प्रोसेसर चुकला, एआरएमच्या यंत्रावर इंटेल-एएमडीची फाइल आली किंवा उलट. परवानगी असूनही ‘परमिशन डिनाइड’ आलं तर ते विभाजन ‘नोएक्झेक’ ने जोडलेलं असू शकतं. सर्व्हर कडक करताना ‘/टीएमपी’ असं जोडण्याची पद्धत आहे. ‘फाइंडएमएनटी -टी’ (मोठा टी) आणि पुढे फाइलीचा पाथ दिला की कळतं.

‘जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड’ हा सर्वांत चिवट. बायनरी नव्या यंत्रावर बांधली आहे आणि तुमचं यंत्र जुनं आहे. ‘एलडीडी --व्हर्जन’ ने तुमचा आकडा कळेल. उबुंटू २०.०४ आणि डेबियन ११ वर २.३१, रेड हॅट ८ वर २.२८, रेड हॅट ९ वर २.३४, उबुंटू २२.०४ वर २.३५, डेबियन १२ वर २.३६. जीलिबसी मागच्या बायनरींना सांभाळून घेतं, पुढच्यांना नाही. उपाय तीन: स्टॅटिक बायनरी, त्या अवजाराची थोडी जुनी आवृत्ती, किंवा स्वतःच्या यंत्रावर सोर्समधून बांधणी. चौथा उपाय सुचवणारे भेटतील: जीलिबसीच हाताने नवं करा. ते करू नका. यंत्रावरचा ‘एलएस’ सुद्धा त्याच्यावर उभा आहे. अर्धवट बदललं तर दुरुस्तीसाठी चालवायला एकही कमांड उरत नाही.

जाता जाता: ज्या बायनरीवर विश्वास नाही तिच्यावर ‘एलडीडी’ चालवू नका. काही परिस्थितींत तो ती बायनरी प्रत्यक्ष चालवतो. ‘रीडएल्फ -डी’ ला तो धोका नाही.

प्रश्न: ‘कर्लने स्क्रिप्ट आणा आणि थेट सुडो बॅशला द्या’ अशा एका ओळीच्या सूचना सगळीकडे असतात. इतका बाऊ करण्यासारखं त्यात काय आहे?

दोन गोष्टी. जोडणी मध्येच तुटली तर बॅशपर्यंत पोचलेला अर्धा भाग तोवर चाललेला असतो, तोही रूट म्हणून. समंजस लेखक सगळी स्क्रिप्ट एका फंक्शनमध्ये घालून ते शेवटच्या ओळीत बोलावतात, पण प्रत्येक जण समंजस नसतो. दुसरं असं, की त्या स्क्रिप्टने काय काय कुठे ठेवलं याची नोंद तुमच्याकडे उरत नाही.

आधी फाइलीत उतरवा, वाचा, मग चालवा. वाचायला पाच मिनिटं लागतात. त्यात शोधायचं ते हे: ‘/ईटीसी/ॲप्ट’ मध्ये नवा स्रोत जोडते का, सिस्टमडीची (यंत्रावरच्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेची) युनिट फाइल टाकते का, कोणाच्या ‘.बॅशआरसी’ ला हात लावते का, स्वतःहून सुडो मागते का. पुष्कळदा दिसतं की दोनशे ओळींची स्क्रिप्ट शेवटी एक बायनरी उतरवून ‘/यूएसआर/लोकल/बिन’ मध्ये ठेवते, बस्स. मग ते तुम्हीच वर सांगितलेल्या क्रमाने करा.

प्रश्न: उबुंटूवर ‘एफडी-फाइंड’ हे फाइली शोधणारं पॅकेज बसवलं. ‘एफडी’ चालवलं तर कमांड नाही म्हणतं.

डेबियन आणि उबुंटूवर त्या कमांडचं नाव ‘एफडीफाइंड’ आहे, कारण ‘एफडी’ हे नाव दुसऱ्या एका पॅकेजने आधीच घेतलेलं. फाइली दाखवणाऱ्या ‘बॅट’ चंही तेच, तिथे कमांड ‘बॅटकॅट’. असा संशय आला की ‘डीपीकेजी -एल’ (मोठा एल) आणि पॅकेजचं नाव द्या, त्याने ठेवलेल्या सगळ्या फाइली दिसतात. छोटं नाव हवंच असेल तर ‘~/.लोकल/बिन’ मध्ये दुवा करा. ते फोल्डर आत्ताच तयार केलं असेल तर एकदा लॉगआउट करून परत या, कारण ‘.प्रोफाइल’ ते फोल्डर असेल तरच पाथमध्ये घेते.

प्रश्न: पायथॉनमधलं एक छोटं अवजार पिपने (पायथॉनच्या पॅकेज मॅनेजरने) बसवताना ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायरन्मेंट’ असा नकार येतो. ‘--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस’ देऊन पुढे जावं का?

त्या पर्यायाचं नावच पुरेसं बोलकं आहे. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून हा नकार येतो. यंत्राची स्वतःची काही अवजारं त्याच पायथॉनवर चालतात आणि पिपने एखादी लायब्ररी बदलली तर ती कोसळतात, म्हणून हे दार बंद केलं.

‘ॲप्ट इन्स्टॉल पिपएक्स’ करा आणि अवजार ‘पिपएक्स इन्स्टॉल’ ने घ्या. तो प्रत्येक अवजाराला वेगळी व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट, म्हणजे लायब्ररींचा स्वतंत्र संच, देतो आणि ‘~/.लोकल/बिन’ मध्ये कमांड ठेवतो. हे एका वापरकर्त्यापुरतं असतं. रूट म्हणून बसवलं आणि सेवा दुसऱ्याच वापरकर्त्याने चालवली तर तिला ते दिसत नाही. सगळ्यांसाठी हवं असेल तर ‘पिपएक्स_होम’ ला ‘/ऑप्ट/पिपएक्स’ आणि ‘पिपएक्स_बिन_डिर’ ला ‘/यूएसआर/लोकल/बिन’ देऊन बसवा (दोन्ही नावं मोठ्या अक्षरांत). यंत्राची मोठी आवृत्ती बदलली, पायथॉन बदललं, की ही सगळी अवजारं एकदम बंद पडतात. तेव्हा ‘पिपएक्स रीइन्स्टॉल-ऑल’.

प्रश्न: रेड हॅट ९ वर बायनरी घरच्या फोल्डरमध्ये उतरवली, तपासली, ‘एमव्ही’ ने ‘/यूएसआर/लोकल/बिन’ मध्ये हलवली. हाताने चालते. सिस्टमडीच्या सेवेतून ‘२०३/एक्झेक’ आणि ‘परमिशन डिनाइड’. परवानग्या ७५५ आहेत, म्हणजे लिहिणं फक्त मालकाला, वाचणं आणि चालवणं सगळ्यांना.

‘एमव्ही’ ने घोळ केला. एसईलिनक्स या लिनक्सच्या जादा सुरक्षा-व्यवस्थेत प्रत्येक फाइलीला एक लेबल असतं. घरच्या फोल्डरमध्ये तयार झालेल्या फाइलीला घरचं लेबल लागतं आणि हलवल्यावर ते सोबतच येतं. तुम्ही हाताने चालवता तेव्हा चालतं, पण सिस्टमडीला घरच्या लेबलाची फाइल चालवायची मुभा नाही. ‘एलएस -झेड’ (मोठा झेड) ने पाहा, ‘यूझर_होम_टी’ दिसेल. हवं ते ‘बिन_टी’.

‘सुडो रिस्टोरकॉन -व्ही’ आणि पुढे फाइलीचा पाथ. संपलं. पुढच्या वेळी ‘एमव्ही’ ऐवजी ‘इन्स्टॉल’ किंवा ‘सीपी’ वापरा. त्यांनी नवी फाइल बनते आणि तिला नव्या जागेचं लेबल मिळतं. ‘सीएचकॉन’ ने लेबल चिकटवू नका, पूर्ण यंत्राचं पुन्हा लेबलिंग झालं की ते जातं. आणि एका फाइलीसाठी एसईलिनक्स बंद करणं म्हणजे किल्ली अडकली म्हणून दारच उखडणं.

लेबल बरोबर असूनही २०३ येत असेल तर युनिटमध्ये ‘प्रोटेक्टहोम’ (पी आणि एच मोठे) लावलं आहे आणि बायनरी घरच्या फोल्डरमध्येच राहिली आहे का ते बघा. स्क्रिप्ट असेल तर तिची पहिली ओळ हरवली आहे का तेही.

प्रश्न: हाताने बसवलेली अवजारं अद्ययावत कशी ठेवायची? एकूण सात सर्व्हर आहेत आणि प्रत्येकावर कोणत्या आवृत्त्या आहेत ते आता कोणालाच माहीत नाही.

आज एक तास द्या. प्रत्येक सर्व्हरवर ‘एलएस -एल /यूएसआर/लोकल/बिन /ऑप्ट’ चालवा आणि सगळं एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहा: अवजार, आवृत्ती, कुठून आणलं, चेकसम, कधी बसवलं, आणि का. यांतलं ‘का’ सर्वांत मोलाचं. ‘मोठ्या आयडींसाठी जेक्यू १.७ हवं’ असं लिहिलेलं असेल तर यंत्र पुढच्या आवृत्तीवर गेल्यावर, आणि तिथलं पॅकेजच पुरेसं आहे असं दिसल्यावर, हाताची फाइल काढून टाकता येते. कारण लिहिलेलं नसेल तर ती फाइल वर्षानुवर्षं तिथेच राहते, कारण काढायला सगळेच घाबरतात.

प्रत्येक अवजाराच्या रिलीजच्या सूचना मेलवर मागवा. वैयक्तिक मेलवर नको, तुमच्या गटाच्या सामाईक पत्त्यावर. माणूस दुसरीकडे गेला तरी सूचना येत राहतील.

सात सर्व्हरांना अन्सिबल (अनेक सर्व्हरांवर एकसारखी मांडणी करणारं अवजार) किंवा तसं काही लागतंच. त्याचं ‘गेट_यूआरएल’ मॉड्यूल चेकसम घेतं, तो न जुळल्यास काम थांबवतं. पत्त्यात नेमकी आवृत्ती लिहा, ‘लेटेस्ट’ नको. नाहीतर सोमवारी उभारलेल्या आणि शुक्रवारी उभारलेल्या सर्व्हरवर वेगवेगळं अवजार येतं, आणि तो फरक सापडायला दिवस जातो.

बदलताना येणाऱ्या दोन अडचणी. चालू असलेल्या बायनरीवर ‘सीपी’ केलं तर ‘टेक्स्ट फाइल बिझी’ येतं. ‘इन्स्टॉल’ आधी जुनी फाइल बाजूला काढतो आणि मग नवी ठेवतो, त्यामुळे त्याला ही अडचण येत नाही. चालू असलेलं काम मात्र जुन्याच प्रतीवर चालत राहतं, म्हणून सेवा असेल तर ती पुन्हा सुरू करावी लागते. दुसरी अडचण लपून बसते. बायनरीला ‘सेटकॅप’ ने एखादी खास क्षमता दिलेली असेल, समजा १०२४ च्या खालचा पोर्ट उघडायची, तर ती त्या फाइलीवरच नोंदलेली असते. फाइल बदलली की क्षमता गेली. बसवण्याच्या स्क्रिप्टमध्ये ‘इन्स्टॉल’ च्या लगेच खाली ‘सेटकॅप’ ची ओळ ठेवा आणि ‘गेटकॅप’ ने पडताळा.

प्रश्न: सगळ्यांना चालवता यावं म्हणून बायनरीला ७७७ परवानगी दिली. कोणी तरी ‘धोका आहे’ म्हणालं. चालवण्यात कसला धोका?

धोका लिहिण्यात आहे. ७७७ म्हणजे यंत्रावरचा कोणीही, त्यात फोडलेल्या वेबसाइटचा वापरकर्ताही आला, ती फाइल बदलू शकतो. मग पुढच्या वेळी रूटने ‘जेक्यू’ टाइप केलं की त्याने लिहिलेलं काहीही रूट म्हणून चालतं. ७५५ आणि मालक रूट, एवढं सगळ्यांना चालवायला पुरतं. फोल्डरही तपासा. फोल्डरवर लिहिण्याची परवानगी असेल तर आतली फाइल ७५५ असूनही तिच्या जागी दुसरी ठेवता येते. जुन्या डेबियनवर ‘/यूएसआर/लोकल’ खालचे फोल्डर ‘स्टाफ’ गटाला लिहिता येतात. त्या गटात कोण कोण आहे ते एकदा बघून घ्या.

एखाद्याला अवजार रूट म्हणून चालवू द्यायचं असेल तर ‘व्हीआयसुडो -एफ’ ने ‘/ईटीसी/सुडोअर्स.डी’ मध्ये वेगळी फाइल करा. तिच्या नावात टिंब नको, असलं तर तीही वगळली जाते. ओळीत पूर्ण पाथ आणि नेमके आर्ग्युमेंट लिहा. आर्ग्युमेंटमध्ये तारा-चिन्ह (*) वापरलं तर ते रिकाम्या जागा आणि स्लॅशही गिळतं, म्हणजे तुम्ही समजता त्याहून कितीतरी जास्त परवानगी जाते. अवजार निरुपद्रवी वाटलं तरी ही काळजी हवी. जेक्यूला सुडो मोकळा दिला तर ‘-मोठा आर’ देऊन तो ‘/ईटीसी/शॅडो’ सुद्धा ओळीओळीने वाचून दाखवतो. ‘फाइंड’, ‘टार’, ‘लेस’ तर आतून सरळ दुसरी कमांड चालवतात.

प्रश्न: हाताने बसवलेलं अवजार पूर्ण कसं काढायचं?

आधी ते कोण वापरतं ते शोधा. ‘ग्रेप -आरडब्ल्यू’ ने त्याचं नाव ‘/ईटीसी/क्रॉन*’, ‘/वार/स्पूल/क्रॉन’, ‘/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम’ आणि ‘/यूएसआर/लोकल’ मध्ये धुंडाळा. काही सापडलं नाही तरी लगेच पुसू नका. पाथमधला दुवा काढा आणि ‘/ऑप्ट’ मधलं फोल्डर महिनाभर तसंच राहू द्या. महिन्याच्या शेवटी चालणारं एखादं काम तेवढ्यात ओरडेल, आणि दुवा परत जोडायला दहा सेकंद लागतात. महिना उलटला की फोल्डर, ‘/ईटीसी/बॅश_कम्प्लिशन.डी’ मधली त्याची फाइल, ‘/यूएसआर/लोकल/शेअर/मॅन’ मधलं पान, वापरकर्त्यांच्या ‘.कॉन्फिग’ आणि ‘.कॅश’ मधली त्याची फोल्डरं, आणि सुडोअर्समधली त्याची ओळ असेल तर तीही काढा. त्या ओळीचा पाथ कोणाला लिहिता येईल अशा फोल्डरमध्ये असेल तर ती सगळ्यांत आधी, कारण अवजार गेलं तरी परवानगी मागे राहते आणि त्या जागी दुसरं काहीही ठेवता येतं.